अडवलंत, तर लक्षातही ठेवा

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात कोडच्या एका ओळीवरून दोन तास वाद झाला. आम्ही ज्या पोर्टलवर काम करतो ते नेहमीच्यातलंच आहे: अर्ज भरा, कागद चढवा, मग रोज येऊन स्थिती बघा. त्याच्या सुरक्षा-ऑडिटमध्ये एक मुद्दा निघाला. लॉगिन झाल्यावर माणसाला तो मुळात ज्या पानावर निघाला होता तिथं परत नेणारी आमची व्यवस्था कुणीही गैरवापर करावा अशी उघडी आहे. परतीचं पान सांगणाऱ्या त्या ओळीला आमच्यात 'नेक्स्ट' म्हणतात. यावर एका सहकाऱ्यानं लगेच तोड काढली, "तो नेक्स्ट काढूनच टाका. लॉगिन झालं की सगळे डॅशबोर्डवर. विषय संपला." डिझाइनवाली मंडळी म्हणाली की यानं वापरणाऱ्याची गैरसोय होईल. झालं, एका बाजूला 'सुरक्षा', दुसऱ्या बाजूला 'सोय'. या दोन शब्दांची कुस्ती लावली की निकाल आधीच लागलेला असतो. सुरक्षेसमोर सोय मागणारा माणूस लाडावलेलाच वाटतो. दोन क्लिक जास्त करायला काय होतं? बैठक संपली तेव्हा डिझाइनवाले गप्प होते आणि ऑडिटचा मुद्दा 'निकाली' या रकान्यात सरकायला निघाला होता.

माझ्या मते दोन्ही बाजू चुकीच्या प्रश्नावर भांडत होत्या. माणूस पोर्टलवर येतो तो काहीतरी काम घेऊन. एखादं पान उघडतो, पोर्टल त्याला अडवतं आणि विचारतं, तू कोण? हे विचारणं योग्यच आहे, बऱ्याचदा त्याच्याच भल्याचं आहे. पण कधी अडवायचं, कुठं अडवायचं, दहा मिनिटांनी पुन्हा अडवायचं की तासानं, हे सगळं पोर्टल ठरवतं. ज्यानं मध्येच थांबवलं, त्यानंच 'तुम्ही काय करत होतात' हे लक्षात ठेवायला नको का? मुंबईत जकात होती तोवर, म्हणजे १ जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत, नाक्यावर ट्रक थांबायचे. त्या रांगांना, त्या खाबूगिरीला लोकांनी भरपूर शिव्या घातल्या. पण पावती फाडली की ट्रक त्याच रस्त्यानं पुढं जायचा. पावती फाडल्यावर ट्रक उचलून महापालिकेच्या इमारतीसमोर ठेवलाय आणि 'इथून शोधा आता तुमचं गोदाम' असं सांगितलंय, हे काही कुणाच्या वाट्याला आलं नाही. आपल्या पोर्टलांवर नेमकं हेच होतं आणि आपण त्याला सुरक्षा म्हणतो.

वादाच्या वेळी माझ्या डोक्यात मामा होते. मामा कोल्हापूरकडच्या एका गावात राहतात, वय बहात्तर. दिवाळीच्या आसपास त्यांना एका सरकारी पोर्टलवरून मेसेज आला: तुमच्या अर्जात त्रुटी आहे, खालील लिंकवर दुरुस्त करा. मामांनी लिंक दाबली. लॉगिनचं पान आलं. नंबर टाकला, ओटीपी आला, तो टाकला, आणि समोर डॅशबोर्ड. चौदा चौकोन, वर सरकणारी सूचनापट्टी, कोपऱ्यात कुणाकुणाचे हसरे फोटो. त्रुटीचा कुठं पत्ता नाही. मामा शिस्तीचे, 'काम झाल्यावर सुरक्षिततेसाठी लॉगआउट करा' असं खाली लिहिलेलं होतं, म्हणून त्यांनी लॉगआउट केलं आणि मेसेजवर पुन्हा दाबलं. पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी, पुन्हा चौदा चौकोन. असं तीनदा झाल्यावर मला फोन आला. "अगं, ते मला आत घेतंय आणि दारातच सोडून देतंय." मी म्हणाले, "मामा, आता आत आहात ना? मग बाहेर पडू नका. तसंच असताना मेसेज उघडा आणि ती लिंक दाबा." क्षणभर शांतता. मग, "आलं की! एवढंच होतं होय?"

एवढंच होतं. आता बघा, काय घडलं. तोच माणूस, तोच फोन, तीच लिंक. चौथ्या वेळी जे पान पोर्टलनं बिनतक्रार दाखवलं, तेच पहिल्या तीन वेळा दाखवायला त्याला काय हरकत होती? मधल्या तीन फेऱ्यांत कुणाचं रक्षण झालं? चोराचं काहीच बिघडलं नाही, कारण लिंक आत असताना दाबायची ही युक्ती चोराला माझ्याइतकीच ठाऊक असते. ठाऊक नव्हती ती फक्त मामांना.

तरीही ऑडिटवाल्यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. तो नीट समजून घ्यायला हवा, कारण डिझाइनवाल्या मंडळींनी तो समजूनच घेतला नाही आणि म्हणून हरली. लॉगिनच्या पत्त्याला पुष्कळदा एक शेपूट जोडलेलं असतं: 'यानंतर या पानावर ने'. कुठल्या चौकटीत, म्हणजे वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्यात, त्याला नेक्स्ट म्हणतात, कुठं रिटर्न यूआरएल, वर्डप्रेसमध्ये रिडायरेक्ट टू. आता एखाद्या भामट्यानं बँकेच्या खऱ्याखुऱ्या लॉगिन पत्त्याला स्वतःच्या साइटचं शेपूट लावलं आणि ती लिंक तुम्हाला पाठवली, तर काय होईल? तुम्ही पत्ता तपासाल. तो खरा असेल. लॉगिनचं पान खरं, ओटीपी खरा. आणि मग बँकच स्वतःच्या हातानं तुम्हाला भामट्याच्या पानावर नेऊन सोडेल, जिथं हुबेहूब तशाच रंगात लिहिलेलं असेल: पासवर्ड चुकला, पुन्हा टाका. तुम्ही टाकाल. का नाही टाकणार? 'पत्ता नीट बघा, मगच माहिती भरा' हा धडा आपणच लोकांना वर्षानुवर्षं दिला आणि ही फसवणूक त्या धड्यावरच उभी राहते. वेब-सुरक्षेतल्या मोठ्या धोक्यांची जी यादी ओवास्प ही संस्था काढते, तिच्या २०१० आणि २०१३ च्या आवृत्त्यांत न तपासलेलं पुनर्निर्देशन, म्हणजे पत्ता न बघता माणसाला दुसऱ्या पानावर नेणं, दहाव्या जागी होतं. २०१७ च्या यादीत त्याला स्वतंत्र जागा उरली नाही, पण यादीतून नाव गेलं म्हणून भामटे काही निवृत्त झाले नाहीत.

म्हणजे धोका खरा आहे. प्रश्न आहे तो धोका नेमका कशात आहे, याचा. माणसाला परत नेण्यात तो नाही. परतीचा पत्ता वाटेत भेटलेल्या कुणाच्याही हातून घेण्यात आहे. देवळाबाहेर चपला सांभाळणारा आपल्याला बिल्ला देतो. चपला त्याच्यापाशी, हातात फक्त नंबर. परत आलो की नंबर दाखवायचा, चपला घ्यायच्या. उद्या त्यानं 'तुमच्या चपला कुठं आहेत हे तुम्हीच एका चिठ्ठीवर लिहून आणा, मी तिथं नेऊन सोडतो' अशी पद्धत सुरू केली, तर कुणीही ती चिठ्ठी बदलेल. चिठ्ठ्या बदलल्या जातात म्हणून चपलांचा स्टँडच बंद करायचा आणि सगळ्यांना अनवाणी घरी पाठवायचं, हा उपाय झाला का? आमचा सहकारी नेमका तोच सुचवत होता. पोर्टलनं माणसाला अडवलं त्या क्षणी त्याला कुठलं पान हवं होतं हे सर्व्हरला माहीत असतंच. मागणी त्याच्याकडेच तर आलेली असते. ते त्यानं स्वतःच्या वहीत, म्हणजे सेशनमध्ये, टिपून ठेवावं. पत्त्याला शेपूट लावण्याची गरजच नाही.

शेपूट लावायचंच असेल, आणि कधी कधी लावावं लागतं, तर ते उघडून बघावं. फक्त आपल्याच घरातला पत्ता स्वीकारावा. हे ऐकायला सोपं आहे, करायला तितकं नाही. इथं मी सुरक्षावाल्यांच्या बाजूनं आहे. अनेकांनी तपासणी अशी लिहिली की पत्ता तिरक्या रेघेनं सुरू होत असेल तर तो आपलाच. पण दोन तिरक्या रेघांनी सुरू होणारा पत्ता ब्राउझर दुसऱ्याच डोमेनचा, म्हणजे दुसऱ्याच साइटचा, मानतो, आणि उलट्या तिरक्या रेघेला सुलटी समजून घेण्याचा मोठेपणाही तो दाखवतो. कुणी पत्त्यात आपलं नाव आहे का एवढंच बघितलं. भामट्यानं आपल्या डोमेनच्या पुढं बँकेचं नाव चिकटवलं. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट एमव्हीसी या चौकटीच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत जो तयार लॉगिनचा नमुना मिळायचा, त्यात ही तपासणीच नव्हती. ती तिसऱ्या आवृत्तीत आली. जँगो या चौकटीत हे तपासणारं एक फंक्शन होतं, नाव 'इज सेफ यूआरएल', म्हणजे 'पत्ता सुरक्षित आहे का'. डिसेंबर २०१९ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत त्यांनी ते नाव बदललं आणि 'डोमेन व स्कीम (पत्त्याच्या सुरुवातीचा एचटीटीपीएससारखा भाग) चालणारी आहे का' अशा अर्थाचं लांबलचक, गद्य नाव ठेवलं. का? तर पत्त्याचं डोमेन आपलं आहे एवढ्यावरून तो सुरक्षित ठरत नाही, आणि जुन्या नावामुळं लोकांचा तसा समज व्हायचा. मला हा नामबदल फार आवडतो. आपल्या हत्याराला काय जमत नाही हे त्याच्या नावातच सांगून टाकायला धाडस लागतं. पण बघा, इतकं सगळं माहीत असूनही जँगोवाल्यांनी परत नेणं बंद केलं नाही. लारावेल या दुसऱ्या चौकटीत तर परत नेणाऱ्या फंक्शनचं नावच 'इंटेन्डेड' आहे, म्हणजे जिथं जायचं मनात होतं ते. बहुतेक सगळ्या मोठ्या चौकटींनी हे काम करून ठेवलंय. आम्हाला ते फक्त न मोडता ठेवायचं होतं.

आणि तरीही कुणाला वाटत असेल की परत नेणं मुळातच धोक्याचं आहे, तर त्यानं ऑनलाइन पैसे कसे भरले जातात ते आठवावं. रिझर्व्ह बँकेनं १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड-व्यवहारांना दुसरी पडताळणी सक्तीची केली. तेव्हापासून आपण दुकानाच्या पानावरून बँकेच्या पानावर जातो, तिथं पासवर्ड किंवा ओटीपी टाकतो आणि परत दुकानाच्या पानावर येतो. कोणत्या पानावर? नेमक्या त्याच ऑर्डरच्या, त्याच रकमेच्या पानावर. व्यवहार मध्येच फसतो, सर्व्हर झोपतो, नेट जातं, हे सगळं होतं. पण बँकेनं ओटीपी घेतला आणि ग्राहकाला स्वतःच्या मुखपृष्ठावर नेऊन 'आता तुमचं दुकान शोधा' असं म्हटलं, ही पद्धत कुणी एक दिवस तरी चालू दिली असती का? दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळी डोमेनं, मध्ये पैसा, भामट्यांचा सगळ्यात जास्त डोळा असलेली जागा, आणि तिथं परतीची वाट बिनचूक जमते. 'गूगलनं लॉगिन करा' हे बटण ज्या ओऑथ पद्धतीवर चालतं, तिचा २०१२ चा आराखडासुद्धा परतीच्या पत्त्यावरच उभा आहे. त्यातही भोकं सापडली. मग काय केलं? परत पाठवणं सोडलं नाही. पत्ता आधी नोंदवून ठेवा असं सांगितलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुरक्षा-शिफारशींत तर नोंदलेला पत्ता आणि आलेला पत्ता अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे, असं बजावलं. पैसे घ्यायचे असतात तेव्हा जमतं. अर्जातली त्रुटी दुरुस्त करायची असते तेव्हा मात्र सुरक्षा आडवी येते. हे तंत्रज्ञानाचं कारण नव्हे.

मुळात वेबला आठवण दिली गेली तीच मुळी अशा कामासाठी. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात तो एचटीटीपी हा विसरभोळा गडी आहे. प्रत्येक मागणी त्याला नवी, मागच्या क्षणी तुम्हीच आला होतात हे त्याच्या गावी नसतं. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत लू मॉन्टुली या तरुण प्रोग्रॅमरनं कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटीशी नोंद, आणली. तिच्यामागं जी गरज होती त्यात ऑनलाइन दुकानाची टोपली होती: ग्राहकानं अर्धवट भरलेली टोपली सर्व्हरवर न साठवता कशी लक्षात ठेवायची? आज कुकी म्हटलं की पाळत आठवते, जाहिरातवाले आठवतात, आणि ते बरोबरच आहे. पण जिचा जन्म ग्राहकाचं अर्धं राहिलेलं काम जपायला झाला, तिचा वापर त्यानं काल कुठले बूट बघितले हे दहा कंपन्यांना सांगायला होतो, आणि ज्याला स्वतःचा अर्ज हवाय त्याला मात्र 'क्षमस्व, आम्हाला आठवत नाही' हे उत्तर मिळतं, हा उलटा न्याय झाला.

दुसरा आक्षेप मला पहिल्यापेक्षा जास्त अडचणीचा वाटतो, आणि बैठकीत तो कुणी नीट मांडलाच नाही. आपल्याकडं संगणक एकट्याचा नसतो. सेवा केंद्रात एकाच मशीनवर दिवसभरात पन्नास जणांचे अर्ज भरले जातात. घरात एक फोन तिघं वापरतात. पहिल्या बाईंचं सेशन त्यांच्या अर्जाच्या पानावर असताना संपलं, त्या उठून गेल्या, पुढच्या माणसानं त्याच खिडकीत लॉगिन केलं, आणि पोर्टलनं त्याला इमानेइतबारे त्या बाईंच्या पानावर नेलं तर? इथं एक उत्तर लगेच देता येतं: त्या माणसाला त्या बाईंचा अर्ज दिसलाच, तर दोष परत नेण्याचा नाही. अर्ज कुणाचा आणि बघतोय कोण, हे त्या पानानं तपासलंच नाही. सगळ्यांना डॅशबोर्डवर पाठवून ते भोक बुजत नाही, फक्त झाकलं जातं. पत्त्यातला आकडा एकानं बदलून बघितला की पुन्हा उघडं. पण हे उत्तर पुरेसं नाही, हेही मान्य करते. पान उघडलं नाही तरी 'या पानावर जाण्याची तुम्हाला परवानगी नाही' एवढं वाचूनही आधीचा माणूस काय बघत होता याचा अंदाज येऊ शकतो. पान एखाद्या आजाराच्या मदतीच्या अर्जाचं असेल, तर तेवढंही जास्त झालं. म्हणून आठवण थोड्या वेळापुरतीच असावी, आधी जो आत होता तोच पुन्हा आला असेल तरच सरळ न्यावं, नाहीतर मुकाट डॅशबोर्ड दाखवावा. म्हणजे डॅशबोर्डला जागा आहे. ती खात्री नसेल तेव्हाची आहे, रोजची नव्हे.

अर्ध्या भरलेल्या फॉर्मचं प्रकरण वेगळं आणि जास्त दुखरं आहे. पान बघायला निघालेल्या माणसाला परत त्या पानावर नेता येतं. पण कुणी वीस रकाने भरून 'सादर करा' दाबलं आणि त्याच क्षणी पोर्टलला आठवलं की याचं सेशन संपलंय, तर लॉगिननंतर तो त्याच फॉर्मवर येतो खरा, पण फॉर्म कोरा असतो. सातबाऱ्याचा गट नंबर, बँकेचा आयएफएससी, आधारचे बारा आकडे, सगळं पुन्हा. यावर उतावळे लोक म्हणतात, मग लॉगिन झाल्याबरोबर तो फॉर्म आपोआप सादर करून टाका. नको. तसं केलं की एकाच अर्जाचे दोन अर्ज होतात, आणि पैशाचा मामला असेल तर दोनदा पैसे जातात. बँका रिकाम्या बसलेल्या ग्राहकाला बाहेर काढतात आणि अर्ध्या राहिलेल्या व्यवहारावर परत नेत नाहीत, यात मी बँकांच्या बाजूनं आहे. फक्त 'तुमचे पैसे गेलेले नाहीत' एवढं एक वाक्य पहिल्याच पानावर ठळक लिहिलं तर माणूस रात्री झोपेल. बाकी फॉर्मांना मसुदा जपून ठेवणं, परत आल्यावर भरलेला फॉर्म दाखवणं आणि बटण माणसालाच दाबू देणं, एवढं पुरतं. माझ्या लहानपणी रेशन दुकानापुढं रॉकेलच्या रांगेत बायका डबे ठेवून घरी जायच्या. कुणाची भाजी करपायची असायची, कुणाचं पोर शाळेतून यायचं असायचं. परत आल्या की आपल्या डब्यापाशी उभ्या. डबा पुढं सरकवणारी बाई ओळखीची असेलच असं नव्हतं, पण डब्याला रांगेत माणसाइतका मान होता. सेशन संपलं म्हणून भरलेला फॉर्म फेकून देणाऱ्या यंत्रणेला तेवढी रीत तरी शिकवता येईल.

डॅशबोर्डचा आग्रह धरणाऱ्यांचं आणखी एक कारण असतं, ते बैठकीत कुणी बोलत नाही. डॅशबोर्डवर योजनांच्या पट्ट्या असतात, नव्या सेवांच्या जाहिराती असतात, आणि 'इतक्या लोकांनी बघितलं' हा आकडा वर दाखवायचा असतो. सगळ्यांना तिथून फिरवून आणलं की आकडा फुगतो. यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

'दोन क्लिक जास्त' या युक्तिवादावर मात्र बोलायला हवं. हे वाक्य म्हणणारा माणूस नेहमी ज्याला ते दोन क्लिक कुठं करायचे हे माहीत आहे तोच असतो. ज्याला दिसत नाही आणि जो पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे, त्याला चौदा चौकोन म्हणजे एकामागून एक ऐकत बसायच्या चौदा ओळी. वेब सर्वांना वापरता यावी म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांत २००८ पासून एक निकष आहे: सेशन संपून पुन्हा लॉगिन करावं लागलं तर माणसाला आधीची माहिती न गमावता काम पुढं चालू ठेवता आलं पाहिजे. पण तो ठेवलाय तिहेरी ए या सगळ्यात वरच्या पातळीवर, आणि आपल्या सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वं दुहेरी ए वर थांबतात. म्हणजे हा निकष पाळला तर उत्तम, नाही पाळला तर कुणी विचारत नाही. मला वाटतं ही पातळी ठरवणाऱ्यांनी चूक केली. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं केवायसीच्या अडचणींवरच्या प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हे घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काशी जोडलं. तिथं विषय होता कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावण्याचा, जे ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या काही जणांना शक्यच नसतं. डोळे मिचकावणं हीसुद्धा कुणाच्या तरी लेखी 'एवढीशी' गोष्टच होती.

सुरक्षेच्या नावानं माणसावर ओझं टाकायचं आणि त्यातून सुरक्षा खरंच वाढली का हे बघायचं नाही, याची सवय जुनी आहे. 'दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदला' हा नियम आपण सगळ्यांनी सोसलाय. असल्या नियमांमागं अमेरिकेच्या मानक-संस्थेच्या, निस्टच्या, २००३-०४ च्या मार्गदर्शिकेचा मोठा हात होता. लोकांनी काय केलं? जुन्याच पासवर्डच्या शेवटी १ चा २ केला, २ चा ३ केला, आणि लक्षात राहीना तेव्हा कागदावर लिहून पडद्याला चिकटवला. २०१७ मध्ये निस्टनं सल्ला फिरवला: कारण नसताना पासवर्ड बदलायला लावू नका. ती मूळ मार्गदर्शिका लिहिणाऱ्या बिल बर यांनीही त्याच वर्षी आपल्याला त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होतो असं सांगितलं. मधल्या तेरा-चौदा वर्षांत जगभरच्या ऑफिसांत हा नियम मोडणारे आळशी ठरले होते.

आपल्याकडं ही गोष्ट सांगायला अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. हिरकणीची आख्यायिका शाळेत सगळेच ऐकतात, पण आई म्हणून तिच्या धाडसापाशीच थांबतात. मला त्यात दरवाज्यावरचा पहारेकरी दिसतो. रायगडाचे दरवाजे दिवेलागणीला बंद व्हायचे, तसा हुकूम होता. त्यानं हुकूम पाळला, त्याचं काही चुकलं नाही. पण दूध विकायला आलेल्या त्या गवळणीचं तान्हं खाली घरात होतं. दरवाज्यानं तिला 'उद्या ये' म्हटलं, तशी ती अंधारात कडा उतरून गेली. नियम पाळला गेला आणि गड मात्र उघडा असल्याचं त्या रात्री कळलं. महाराजांनी तिचं कौतुक केलं आणि त्या कड्यावर बुरूज बांधला. ज्या माणसाचं काम अडलंय तो दरवाज्याशी वाद घालत बसत नाही, कडा शोधतो. आपल्या पोर्टलांचे कडे कुठले? सेवा केंद्रातल्या पोराला देऊन ठेवलेला पासवर्ड. फोनवरून दुसऱ्याला वाचून दाखवलेला ओटीपी. आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या हिशेबाच्या बाजूला, पेनानं लिहिलेला लॉगिन आयडी. हे सगळं अडाणीपणातून होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्याच ऑफिसातला एखादा कीबोर्ड उलटा करून बघावा.

आमच्या वादाचा शेवट तसा साधा झाला. ती ओळ काढली नाही. परतीचं पान सेशनमध्ये टिपायचं, शेपूट आलंच तर चौकटीच्या स्वतःच्या तपासणीतून जाऊ द्यायचं, अर्धा तास उलटला किंवा लॉगिन करणारा वेगळाच निघाला तर टिपलेलं पान पुसायचं. दुपारभराचं काम. सहकाऱ्यानंच केलं, आणि चांगलं केलं. दोन तिरक्या रेघांची चाचणी त्यानं माझ्या आधी लिहून ठेवली होती. ऑडिटवाल्यांनी मुद्दा बंद केला. फॉर्मच्या मसुद्याचं काम 'पुढच्या टप्प्यात' गेलंय, आणि पुढचा टप्पा म्हणजे काय हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

मामांचं पोर्टल वेगळं, ते आमच्या हातात नाही. परवा फोनवर बोलताना त्यांना विचारलं, त्या त्रुटीचं पुढं काय झालं? दुरुस्त झाली म्हणाले. मग जरा आवाज खाली आणून, काहीतरी खास सांगावं तसं म्हणाले की आता ते लॉगआउट करतच नाहीत, आणि पारावरच्या आणखी दोघातिघांनाही त्यांनी शिकवून ठेवलंय: "एकदा आत शिरलं की बाहेर यायचंच नाही."